पासंग

बोटी यायच्या आधी
ओड्लाउग वजनघराचं दार उघडायची.
बॉट्सफ्योर्डला डिसेंबरात आठ काय, दहा काय,
अंधारच.
गुडघ्यांवर बसून काट्याच्या पत्र्याखाली हात घालायची,
रात्रीतून गोठलेलं खारं पाणी खरवडायची,
वीस किलोचं लोखंडी माप ठेवायची, उचलायची,
पुन्हा ठेवायची.
तोवर कुणाशी बोलायची नाही.

मला वाटायचं, बाईला दुसरं काम नाही.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि तीन आठवडे किल्ली माझ्याकडे आली.
पहिल्या दिवशी मी खरवडलं. दुसऱ्याही.
पुढे थंडी वाढली,
आणि काटा शून्य दाखवतच होता की.

परत आली, तिनं माप ठेवलं:
एकोणीस किलो, चारशे ग्रॅम.
ती काही बोलली नाही.
हातमोजा काढून, बोट ओलं करून
वहीची पानं मागे उलटत गेली.

स्टाइनार व्यवस्थापक म्हणाला,
कुणी तक्रार केलीय का?
एवढ्या कॉडच्या ढिगात हे
पासंगालाही पुरायचं नाही.

ती काठी टेकत धक्क्यावर गेली,
एकेका बोटीपाशी थांबून आकडा सांगत.
म्हाताऱ्या इंगवाल्डला ऐकू कमी येतं,
त्याला ओरडून सांगावं लागलं,
सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं:
"आम्ही तुला कमी मोजलं!"

आम्ही.

मी मागे उभा, वही छातीशी धरून.
त्या 'आम्ही'त ती किती आणि मी किती
हे कुठल्याच काट्यावर मला अजून
ठेवता आलेलं नाही.

दोन बोटी त्या मोसमात दुसऱ्या बंदराला वळल्या, त्या वळल्याच.
फिलेटच्या रांगेतली थवमणी सुरी पुसत म्हणाली,
बावीस वर्षं झाली मला इथे,
पैसे परत करायला कुणी चालत गेलेलं
आज पाहिलं.

मला वाटलं, आता ती मला एकट्याला गाठेल.
आठवडाभर वाट पाहिली, महिनाभर.
तिनं फक्त तिची खरवडणी दिली,
मूठ तिच्या हाताच्या आकाराची झालेली,
माझ्या हाताला जराशी टोचणारी.

आता पाटीवर माझं नाव आहे.
परवा सिव्हर्टनं, एकोणीस वर्षांचं पोर,
माप न ठेवताच पहिली बोट घेतली.
माझा आवाज चढला.
चढला तो चांगलाच चढला,
आणि खाली उतरताना लक्षात आलं,
त्यातला निम्मा तरी
त्या जुन्या हिवाळ्याचा होता.

मग आम्ही दोघं त्या बोटीपाशी गेलो.
"ह्यानं" हा शब्द
दातांपर्यंत आला होता.
सिव्हर्ट बुटांकडे बघत होता.

आज सकाळी तो माझ्या आधी आलेला.
पत्र्याखाली अर्धा शिरलेला, नुसते पाय बाहेर.
मी कॉफी ठेवली, खाली वाकलो नाही.
गुडघे हल्ली माझेही
वाजतात.