मोजणी

ऑक्टोबर. ओढ्यावर पाळी माझी आणि डेल्फीनची.
ती पूर्वी लाकडाच्या गिरणीत होती.
हाच ओढा भुशानं बुजवला आम्ही, म्हणते,
पगारी.
आता बिनपगारी उपसतो.

वहीत तीन हिवाळ्यांची शून्यं,
ऑगीच्या हातची शेवटची जरा थरथरती.
शाळेतल्या पोरांनी बादल्यांतून सोडलेले सॅमन
तेव्हा करंगळीएवढे होते,
एकेकाचं बारसं करून सोडलेले.

पहाटे चारला पाणी उलटं हललं.
टॉर्च नको, ती कुजबुजली.
पाठ सोललेली, शेपूट झिजून पांढरी,
एक मादी
आमच्या गमबुटांमधून वर गेली,
ओळख न दाखवता.

डेल्फीननं पेन्सिलीला थुंकी लावली.
एक, लिहिलं.
पेन्सिलीचंच अक्षर,
तरी वाळायला
वही उघडी ठेवली.