चार सूत

नऊ होते. मिशन दवाखान्याच्या लिलावातले.
टेम्पोतून उतरवताना चौघांचे खांदे भरून आले.
बीडाचे आहेत, म्हटलं, तर हेल्पर पोरगा विचारतो,
बीडचे? म्हणजे आमच्या गेवराईकडचे?
अरे, बीड म्हणजे ओतीव लोखंड.
गाव वेगळं, धातू वेगळा.
पण दोन्ही उशिरा तापतात म्हणे,
आणि एकदा तापले
की रात्रभर निवत नाहीत.

नवा बॉयलर भिंतीवर. पांढरा, सडपातळ,
बँकेत बदलून आलेल्या साहेबासारखा
फक्त आकड्यांत बोलणारा.
त्याचं तोंड पाऊण इंची, ह्यांचं सव्वा इंची.
फरक चार सुतांचा.
परभणीत दस्तगीरभाईंनी पितळेचे बुश कातून दिले,
लेथवर, चष्मा कपाळावर ठेवून.
रेशमाच्या घरी चाललायस, म्हणाले,
तिथं सूत जुळायलाच पाहिजे.

आधी पोटं धुतली.
पहिल्यांदा निघालं ते पाणी नव्हतं,
करडईच्या तेलात काजळ कालवावं तसं काहीतरी.
चुंबक धरलं, तर त्या काळ्यावर
केस उभे राहिले.
कुठल्या वॉर्डातली, कुणाकुणाची हुडहुडी
आत साचून राहिली होती, कोण जाणे.
चार वेळा धुतले. टँकरच्या पाण्यानं.
रुक्मिणताई तौर बादल्या मोजत उभ्या,
बोलल्या काही नाहीत.

सातव्याचा प्लग हलेना.
हातोडा उचलला, तर त्या दारातच.
‘कामून ठोकायलास? पलीकडं पोरं झोपायल्यात.’

पोरं म्हणजे चाळीस हजार अळ्या.
तांदळाच्या कणीएवढ्या,
ट्रेमध्ये, चुन्याच्या भुकटीखाली,
डोकी वर करून थिजलेल्या.
पहिली झोप. जुनं कातडं आखूड पडलंय,
ते आतून सोडवायचं चाललंय.
अशा वेळी पान टाकायचं नाही,
हात लावायचा नाही, आदळआपट नाही.
कोपऱ्यात कोळशाच्या दोन शेगड्या, आणि त्यांचा धूर,
ज्याच्यासाठी मला मानवतला बोलावलं होतं.

हातोडा ठेवला. प्लगवर रॉकेल सोडलं.
दस्तगीरभाई म्हणतात,
लोहा सुनता मियाँ, लेकिन देर से सुनता.
दोन चहा झाले.
तिसऱ्याच्या आधी पान्याला काहीतरी कळलं,
अर्धा आटा, मग एक.

संध्याकाळी पेटवला. निळी ज्योत, पंख्याची घरघर.
पडद्यावर पंचेचाळीस.
इतकंच? हेल्परचा चेहरा उतरला.
म्हटलं, ह्याला उकळी नको असते.
पाणी घरभर फिरून गार होऊन परत आलं पाहिजे,
तरच हा धुराला बाहेर जायच्या आधी पिळतो
आणि त्यातली ऊब काढून ठेवतो.
आणि एवढ्या कोमट पाण्यावर खोली तापवायला
असलीच जाड, जुनी, भरपूर पोटाची माणसं लागतात.
माणसं म्हणालो. दुरुस्त केलं नाही.

नळीतून थेंब पडू लागले.
तुतीला पाणी देणारा बाबाराव बघत राहिला.
‘धुरातनं पाणी निघायलंय? आन् आमचं बोअर
साडेचारशे फुटाला फुफाटा देतंय.’
त्यानं पेला लावला. बोट बुडवून चाटलं.
आंबट.
म्हणून तर चुनखडीच्या डब्यातून सोडायचं, म्हटलं.
तो हसला नाही. पेलाही काढला नाही.

आठ तापले. नववा गारच.
चावी फिरवली: आत अडकलेली हवा
बराच वेळ फुसफुसत गेली,
मग हातावर पाणी आलं.

झालं का, ताईंनी विचारलं.
नाही, म्हटलं. थांबा.
त्यांनी तळहात उलटा करून बीडावर ठेवला,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा,
फक्त इथं ताप यावा म्हणून.

पहाटे पलीकडं बहुतेकांनी डोकी खाली केली होती.
ताई कोवळं पान बारीक चिरायला बसल्या.
मी शेगड्या बाहेर नेल्या,
राख अजून गरम होती.