फेरीबोटीचा हिशेब

इनासबाब दिवसभर चोडणच्या फेरीवर खलाशी.
दोरखंड, साखळी, शिट्टी.
ट्रक मधोमध, स्कूटरी कडेला,
मासळीची पाटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
आणि एखादी भांडून माहेरी निघालेली असेल
तर ती कठड्यापासून दूर, इंजिनाच्या उबेला.
संध्याकाळी तीच शिट्टी घेऊन
तो आमच्या शेतात यायचा.

शेत म्हणजे रेजिनाल्दच्या खाजनाचा तुकडा,
भात कापल्यावर आमचा.
खुंट पायांत रुतायचे,
बॉल मनाला येईल तिकडे उडायचा.
तो म्हणायचा, बरंच आहे,
सरळ येणाऱ्या बॉलनं माणूस आळशी होतो.

दुमिंग पोदेराचा.
रात्री दोनला भट्टी, पहाटे सायकल,
आणि संध्याकाळी पाचला
गोलच्या बांबूला टेकून झोपलेला.
आम्ही हसायचो.
इनासबाब आपला टॉवेल त्याच्या अंगावर टाकायचा,
वीस मिनिटांनी उठवायचा,
आणि बॉलच्या आधी
ओल्या चिखलाचा गोळा फेकायचा त्याच्याकडे.
"उंडो समज. चेपता कामा नये."
त्या वर्षी दुमिंगच्या हातून एकही बॉल सुटला नाही.
नाही, खोटं कशाला,
दोन सुटले.

सोयरू अंगानं थोराड,
आणि धक्का लागला की समोरच्याची माफी मागणारा.
मार रे, म्हटलं की आणखी मऊ व्हायचा.
त्याचा बाप मानशीचं दार सांभाळायचा.
एका भरतीला इनासबाब त्याला तिथंच घेऊन गेला.
दार पाण्याला ढकलतं का रे?
नाही.
मग काय करतं?
मिटतं.
पुढच्या मॅचपासून सोयरू मिटायला लागला.

यमनूर गदगचा, चिरे उचलायला आलेला.
त्याला आमची भाषा नाही, आम्हाला त्याची नाही.
इनासबाबनं फेरीवरच्या एका मुकादमाकडून
तीन शब्द उचलले: बा. निल्लु. साकु.
ये, थांब, पुरे.
तेवढ्यावर मधलं सगळं मैदान
त्याच्या हवाली केलं.
बूट आणून दिले, तर ते आठवडाभर उशाशी ठेवून
यमनूर अनवाणीच खेळला.
त्यावर इनासबाबकडे चौथा शब्द नव्हता,
त्यानं शोधलाही नाही.

मी? माझं धावणं म्हणजे रेतीनं भरलेली होडी.
पण बापाबरोबर खाडीत उभा राहून
पागेर टाकायचो मी,
ते त्यानं फेरीवरून कधीतरी पाहिलेलं.
"थ्रो सगळे तुझे," म्हणाला.
"जाळं उघडतं तिथं बॉल पडू दे."

शाबियेरबद्दल लिहायचं नव्हतं.
आमच्यात सगळ्यांत चांगला तोच.
डावा पाय असा,
की बघताना आपण आपला बॉल विसरायचो.
इनासबाबला वाटलं, याला काय सांगायचं?
सहा महिने काही सांगितलं नाही.
ना शाबास, ना गाढवा.
नजर सगळी आमच्यावर,
जे बुडू शकत होतो त्यांच्यावर.
सेमीफायनलच्या आदल्या दिवशी शाबियेर आला नाही.
मग कळलं, तारवार गेला,
कुठल्याशा जहाजावर बशा पुसायला.
आम्ही तीन-शून्यनं हरलो.
तिसरा गोल माझ्याच थ्रोवरून उलटला.

परवा इनासबाब फेरीवर भेटला, आता प्रवासी.
तरी नवा खलाशी ट्रक लावत होता
तेव्हा याचा हात आपोआप हलला, जरा डावीकडे.
मी म्हटलं, शाळेच्या पोरांना शिकवतो हल्ली.
मुलीही आहेत.
"बरं खेळणारं कोण आहे?"
आहे एक, मी म्हटलं, सुलक्षा.
तिला काही सांगावं लागत नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
धक्का आला, साखळी पडली,
स्कूटरी सुरू झाल्या, मासळीची पाटी उतरली.
आम्ही दोघं
बसूनच राहिलो.