अकरा बिया

पाकिटात कापूस, कापसात अकरा बिया.
भाचा माझा, पीयूष, जोरहाटला चहाच्या मळ्यात हिशेब लिहितो,
त्यानं धाडल्या. सोबत चिठ्ठी:
मावशे, हातमोजे घालूनच लाव.
मी हसली.
तीस वर्षं गोळीबार चौकात सावजीचा रस्सा ढवळला,
भिवापुरी मिरची पोत्यांनी कांडून घेतली,
आणि मला हातमोजे!

घातले तरी.

कागदी कपांत माती, शेणखत, चिमूटभर विटेची भुकटी.
कप इन्व्हर्टरच्या बॅटरीवर,
तिथं रात्रंदिवस ऊब असते.
आठ दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही.
धकाते बाई जिन्यावरून रोज विचारे,
"काय उगवून राहिलं बाप्पा, वीज?"
सत्ताविसाव्या दिवशी एक देठ निघाला, कुबड काढून,
बीचं टरफल डोक्यावर टोपीसारखं.
मागून आणखी तीन.
बाकीच्या सात मातीनं ठेवून घेतल्या.

मग नवतपा लागला.
जगाला रडवणारी म्हणे ही जात,
आमच्या गच्चीवर दुपारी दोनलाच मान टाके.
पारा सत्तेचाळीस.
सकाळचं फूल संध्याकाळी कुंडीत पडलेलं.
हिरवी जाळी बांधली, पोत्यांवर पाणी मारलं,
शेवटी चारही कुंड्या खाली आणल्या
कूलरच्या तोंडासमोर,
आणि माझी खाट भिंतीकडे सरकवली.
मीटर वाचायला आलेला पोरगा दारातच थबकला:
मिरच्या गारव्यात, म्हातारी घामात.

काहून, ते कोणी विचारलं नाही.
मीही बोलली नाही
की त्या तापाच्या वर्षापासून माझ्या जिभेवर काही येत नाही.
फोडणी जळली तर डोळ्यांना कळते, नाकाला नाही.
मीठ मी मापानं टाकते, औषधासारखं.
भोजनालय त्याच दिवाळीत बंद केलं.
लोकांना वाटलं, गुडघे.
गुडघेही दुखतातच.

डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाला होता,
वर न बघता,
तिखट ही चव नाही हो काकू, ते दुखणं.
त्याची वाट वेगळी.
एवढंच मी उचलून आणलं त्या दवाखान्यातून.
गोळ्या तिथंच राहिल्या, बाकावर.

भादव्यात फुलं टिकली.
कान कोरायची काडी घेऊन
मी एका फुलातून दुसऱ्यात फिरली, माशीसारखी.
कार्तिकात पहिली लाल झाली,
माझ्या कोपरासारखी सुरकुतलेली.
ती बुलबुलानं नेली.
अर्धी तोडली, चोच कठड्याला पुसली
आणि शीळ घालत बसला तिथंच.
काही झालं नाही त्याला.
त्या पाखराचा एवढा राग
मला कधी उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाचाही आला नव्हता.

दुसरी मी कात्रीनं कापली.
तिळाएवढा तुकडा. शेजारी ताकाचा गंज.
जिभेवर ठेवला.
नेहमीचंच. ओला कागद.
मनात म्हटलं, गेले कूलरच्या बिलाचे पैसे.

मग मागून, कानांच्या पाळ्यांतून,
कुठल्या बोळातून कोण जाणे,
आलं.
नाक वाहिलं, डोळे वाहिले, मी भिंत धरली.
ताकाला हात लावला नाही.
चव नव्हती त्यात,
ना खोबऱ्याची ना खसखशीची ना माझ्या रश्श्याची.
पण तोंड होतं. माझं होतं.
बंद समजलेल्या घरात
आतून कोणी कडी वाजवावी तसं.

धकाते बाई धावत आली:
"काहून रडून राहिली वो?"
बोलता येईना. मी कुंडीकडे बोट केलं.
"फेक तिकडं मेलीला!"

ती गेल्यावर बिया काढून बशीत वाळत घातल्या.
मोजल्या, चव्वेचाळीस.
पुन्हा मोजल्या.
आणि हातमोजे काढलेत हे विसरून
डोळे पुसले.