एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे

नवी आलेली पिरेट विचारते,
इतक्या मायेनं कसं हो जमतं तुम्हाला?
पॅर्नूच्या खाडीवर बर्फ धरलाय.
रात्रीचे तीन. अठ्ठावीस खाटा, आपण दोघी.
मी म्हणते, आधी चादर ओढ त्या टोकाकडून.

काय सांगू?
लेइदा पहिल्या महिन्यात मला ओरबाडायची.
आंघोळ म्हटलं की मुठी आवळून बसायची.
मनगटावरचा हा व्रण तिचाच.
कागदावर मी लिहिलं: सहकार्य करत नाही.

जेवण झालं की टेबलावरचे चमचे गोळा करून
ती खेटून खेटून मांडायची,
एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे,
आणि कुणी उचलले की रडायची.
मी उचलायचे. भांडी धुवायची असायची.

एका रविवारी तिची लेक आली.
हातमोजे न काढताच म्हणाली,
आई एकतीस वर्षं कारखान्यात डब्यांत मासे भरायची,
घरी निघण्याआधी व्हिनेगरनं हात धुवायची,
आम्हाला वास येऊ नये म्हणून.
एवढंच. तिच्या बसची वेळ झाली.

त्या संध्याकाळी बादलीत झाकणभर व्हिनेगर टाकलं.
लेइदानं हुंगलं.
आपल्या आपण बाह्या वर सारल्या
आणि दोन्ही हात पुढे केले,
सुटीचा भोंगा झाल्यावर करत असेल तसे.

इथेच थांबले तर गोष्ट बरी वाटते.
पण मार्चमध्ये आमच्यातल्या तिघी आजारी पडल्या.
माझी सलग पाचवी रात्र, घोटभर चहा नाही,
व्हिनेगर कपाटातच राहिलं.
मी तिचं मनगट धरलं. जोरात.
ती ओरडली नाही.
खाली मान घालून म्हणाली,
"भरते, मुकादम, भरते."

सकाळी तिथे चार बोटं उमटली होती, निळसर.
मी नोंदवहीत लिहिली.
कुणाची, तेही लिहिलं.

तेव्हा पिरेट, मायेचं मला विचारू नकोस.
भिंतीवरच्या तक्त्यात आज किती नावं आहेत
ते मी आधी बघते.
मी किती झोपले, ते बघते.
आणि लेक आली की तिच्यापुढे कॉफी ठेवते,
पुढची बस पकड म्हणते,
अजून काही सांगेल.

ऐक, लेइदा उठली वाटतं.
जा तू. बाटली खिडकीत आहे.
नाही, तशी नको.
आधी बाह्या वर सार.
तुझ्या.