मागाचा खड्डा

वडगावात माझ्या तीन खोल्या.
मधलीची फरशी सोमवारी उचकटली.
फकिराप्पा गवंडी पहार टेकून म्हणाला,
"मालक, खाली पोकळ लागूलालंय."

निघाला मागाचा खड्डा.
आबांचे पाय इथं चालायचे,
दोन दिवसांत एक लुगडं.
बुजवताना त्यांनीच टाकलेली फुटकी कौलं,
एक धोटा, टोक झिजलेला.
मी वाकून बघत राहिलो.
फकिराप्पा हिशेब करत राहिला:
मुरूम दोन ट्रॉल्या, वर कोबा.
म्हणजे संडासाच्या टाइल्स पुढच्या वर्षी.

हंचिनमनी बाई तोवर पुढच्या खोलीत
दोन पोरं, शिलाई मशीन, सगळा संसार कोंबून.
भाडं अठराशे, सहा वर्षं तेवढंच,
आणि या महिन्याचं मागायला जीभ उचलत नाही.
हेस्कॉमची नोटीस कानडीत.
मी घरमालक, त्यांच्या उंबऱ्यावर बसून
त्यांच्याकडूनच वाचून घेतो.
"नवा मीटर बसवा म्हणतात. डिपॉझिट तुमचं."
'तुमचं' त्या जरा हळूच म्हणतात.

संध्याकाळी ट्रॉली आली.
भरण्याआधी कडेला बसलो, पाय आत सोडले.
बरोबर तळाला टेकले.
मग डावा दाबला, मग उजवा.

"उठा मालक," फकिराप्पा म्हणाला,
"माल वाळूलालाय."