ध्रुव नसलेल्या गावात

फ्लॉरिस यांकीसने जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त केल्या.
कारूच्या उघड्या माळावर मेंढ्यांच्या पाण्यासाठी उभ्या,
मैलोगणती अंतरावर एकेक.
शिडी चढायची, गिअरचं झाकण काढायचं,
तेल बोटाला लावून हुंगायचं
आणि सांगायचं, किती वर्षांत
कुणी वर आलेलं नाही.

म्हणून गाव सोडताना डॉक्टरीणबाईने
मोटरची दुर्बीण त्याच्या शेडमध्ये टेकवली
("कधी धड चाललीच नाही, लागली तर ठेव"),
तेव्हा त्याने आकाशाकडे नाही,
आधी दात्यांकडे पाहिलं.

पितळी चाक. दाते एकशे चव्वेचाळीस.
त्याला बिलगलेला पोलादी मळसूत्री दांडा,
आणि मध्ये ग्रीस, मेणबत्तीच्या बुडासारखं थिजलेलं.
रॉकेलने धुतलं. जुन्या टूथब्रशने घासलं.
सैल राहिलं तर तारा उडी मारतो,
आवळलं तर थंडीत मोटर कण्हते.
मधली जागा सिगारेटच्या कागदाएवढी.
त्याने खरंच कागद धरून मोजली.

तरी तारे पळत होते.
धरलेला तारा हात सोडला की निसटे,
मोटर बंद असताना पळेल
त्याच्या दुप्पट वेगाने.
तीन आठवडे. दोनदा सगळं उघडलं, दोनदा जोडलं,
एक वॉशर उरला तो अजून खिशात आहे.

मग लिएझल, वय अकरा, टॉर्चवर लाल कागद गुंडाळून
डब्याच्या पोटाखाली डोकं घालून म्हणाली,
"ओउपा, या बटणावर एन का आहे?
आपण तर एसमध्ये राहतो."

नखाएवढं बटण.
दुर्बीण दूर उत्तरेत कुठेतरी बनलेली,
आल्यापासून तिथल्याच आकाशामागे फिरत होती.
डॉक्टरीणबाईने सहा वर्षं हे सोसलं असणार.
फ्लॉरिस खूप हसला. मग जरा वेळ हसला नाही.

आमच्या गोष्टीत एक मूल
बापाच्या मांडीवरून उठवलं गेलं,
रुसून रानात गेलं, आणि त्याला अढळपद मिळालं.
अर्ध्या जगाच्या दुर्बिणी त्याच्याकडे तोंड करून
अजून आपला आस जुळवतात.
पण ते पद वरच्या अंगाला.
इथे खाली देवाने कुणालाच बसवलं नाही.
खुंटा आहे, सगळं आभाळ त्याभोवती फिरतं,
खुंट्यावर दिवा तेवढा नाही.

तेव्हा चुकीवरूनच शोधायचं.
एक तारा भिंगात धर. पाच मिनिटं थांब.
वर सरकला? स्क्रू पाव आटा इकडे.
खाली? तिकडे. पुन्हा थांब.
मध्यरात्री बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा,
आणि तारा तारेवर, हललाच नाही.
सकाळी त्याने तिवईच्या तीन पायांखाली
सिमेंटमध्ये तीन खळगे कोरले.

अजून दर दहा मिनिटांनी तारा थोडा डोलतो.
"दांड्याची लंगड," तो म्हणतो, "प्रत्येक यंत्राला असते.
मोजून घेतली की माणूस तिच्यासकट चालतो."

आठ वाजता वीज जाते. गाव शिव्या घालतं.
फ्लॉरिस घड्याळ पाहून पिकअपची बॅटरी जोडतो.
नरतुरंगातला तो धुकट ठिपका,
साठ वर्षं ज्याला तो एक तारा समजत होता,
आज भिंगात सांडला. साखरेचं पोतं फुटावं तसा.
त्याने चष्मा पुसला. परत पाहिलं.
"एवढे सगळे," म्हणाला, "आणि ग्रीस कोण लावतं?"
लिएझलने वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली,
हा प्रश्नही लिहिला.

रविवारी चर्चला निघताना पिकअप सुरू होईना.
रात्रभर आभाळाने पिऊन टाकलेली बॅटरी.
शेजारचे चौघे कोट काढून ढकलायला आले,
पाद्रीसुद्धा.
फ्लॉरिस चाकामागे बसून, दुसऱ्या गिअरवर पाय धरून,
मनात हिशेब करत होता:
एक वेगळी बॅटरी, दोन वायरी,
आणि ग्रीस पुढच्या वेळी थोडं कमी.